परभूमींतील स्वभाषेचें पत्र

अमेरिकेंतील फिन्निश मजुरांचें ‘त्योमिएस’, म्हणजे ‘श्रमिक’, हें पत्र १९०३ सालीं मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथें निघालें. पुढच्याच वर्षीं तें मिशिगनमधील तांब्याच्या खाणींजवळ, हँकॉक गांवीं, गेलें. १९१३ च्या संपांत त्यानें खाणकामगारांची बाजू हिरिरीनें मांडली, आणि १९१४ सालीं विस्कॉन्सिनमधील सुपीरियर शहरीं बिऱ्हाड हलविलें. त्याचा एकांगीपणा डोळ्यांत भरतो खरा. परंतु तेवढ्यावरून त्याचें मोल ठरविणें अन्यायाचें होईल. श्रमानें थकलेल्या माणसाला परक्या मुलखांत स्वभाषेचें वाचन पुरविणें, ही त्याची खरी वाङ्मयसेवा होय. मात्र हा वारसा नातवंडांपर्यंत पोंचला नाहीं. १९८६ सालीं त्याच संस्थेला इंग्रजी मासिक काढावें लागलें; १९९८ सालीं मूळ पत्र बंद पडलें. घरांत जी भाषा मुलें बोलत नाहींत, ती छापखान्याच्या आधारावर किती काळ तगणार?