नुक्कडावरून दरबाराकडे : ऐंशीच्या दशकातील एक वळण

ऐंशीच्या दशकातल्या दूरदर्शनविषयी लिहायचे झाले की आपल्याकडे हटकून एकच चित्र काढले जाते. रविवारची सकाळ, ओस पडलेले रस्ते, टीव्हीला घातलेला हार आणि पडद्यावर 'रामायण'. चित्र खरे आहे. पण ते दशकाच्या उत्तरार्धाचे आहे. 'रामायण' सुरू झाले २५ जानेवारी १९८७ रोजी. त्याआधीची दोन-अडीच वर्षे याच पडद्यावर निराळी माणसे वावरत होती, निराळी भाषा बोलत होती, आणि त्यांत आपलीही काही माणसे होती. ती वर्षे विसरली गेल्यामुळे या माध्यमाबद्दलची आपली तक्रारही अर्धवट राहिली आहे. 'आम्हाला कधी दाखवलेच नाही' असे आपण सभा-संमेलनांतून म्हणत आलो. दाखवले होते. मग ते कधी थांबले आणि का थांबले, हा खरा प्रश्न आहे.

थोडी पार्श्वभूमी. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, त्याच वर्षी दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ मध्ये काही महिने तर जवळजवळ दिवसाला एक या वेगाने प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. यंत्रणा तयार झाली, पण तिच्यातून दाखवायचे काय? वसंतराव साठे त्याआधी माहिती व नभोवाणी मंत्री होते. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजन आणि साक्षरतेचा प्रचार कसा केला जातो हे त्यांनी पाहिले होते. त्या धर्तीवर मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली 'हम लोग' ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि १९८५ अखेरपर्यंत चालली. खर्चाला हातभार नूडल्सच्या जाहिरातीचा. म्हणजे हेतू सरकारी, पैसा कंपनीचा आणि लेखणी साहित्यिकाची. या तिघांचे फार दिवस जमणे शक्य नव्हते, पण जमले तेवढ्या काळात काही चांगले घडून गेले.

'ये जो है जिंदगी' त्याच वर्षीची. लेखक शरद जोशी, आपले शेतकरी संघटनेचे नव्हेत, हिंदीतले व्यंगकार. त्यातला नवरा रणजित साकारला शफी इनामदार यांनी. शफीभाई दापोली तालुक्यातले, कोकणी मुसलमान. शहरी मध्यमवर्गीय नवरा कसा दिसतो, बायकोपुढे कसा हरतो आणि तरी हसतो कसा, हे त्या वर्षी साऱ्या देशाने या कोकणी माणसाच्या चेहऱ्यावर पाहिले. त्यांच्या नावावरून कोणी त्यांचे पात्र ठरवले नाही आणि पात्रावरून त्यांचे नाव कोणी तपासले नाही. आज ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, यातच बरेच काही आले. मार्च १९९६ मध्ये ते अकाली गेले.

माझ्या मते त्या काळाचा कळस म्हणजे १९८६ चे 'नुक्कड'. सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांची ही मालिका. एका नाक्यावरची माणसे : सायकल दुरुस्त करणारा हरी, वायरमन गुरू, दारुडा खोपडी, भिकारी घनशू, हवालदार गणपत आणि चहाचे हॉटेल चालवणारा कादरभाई. कादरभाईकडे जरा नीट पाहू. तो शेरवानी घालत नाही, शेर म्हणत नाही, पान खाऊन 'अर्ज किया है' करत नाही. त्याला उधारीची चिंता आहे. सगळा नाका त्याच्याच बाकड्यावर बसतो, त्यालाच शिव्या घालतो आणि अडचणीत त्याच्याकडेच येतो. त्याचा धर्म त्याच्या नावात आहे आणि तेवढा पुरेसा आहे. भूमिका केली होती अवतार गिल यांनी. मुसलमानाची भूमिका मुसलमानानेच करावी असा हट्ट कोणी धरला नव्हता, जसा शफीभाईंच्या बाबतीतही धरला नव्हता. मुंबईच्या कुठल्याही मोहल्ल्यातला वाचक कादरभाईला ओळखील. त्याची बोलीही ओळखील, कारण ती ना लखनौची होती ना काशीची. ती नाक्यावरची होती.

येथे सिनेमाकडे वळणे भाग आहे, कारण तिथले वळण याच्या थोडे आधी सुरू झाले. 'मुस्लिम सोशल' नावाचा हिंदी चित्रपटांचा जो प्रकार होता, हवेली, नकाब, मुशायरा, कव्वाली असा, त्याला दशकाच्या आरंभी अखेरचा बहर आला. १९८१ मध्ये 'उमराव जान', १९८२ मध्ये 'बाजार' आणि 'निकाह'. पैकी 'बाजार'ने हैदराबादच्या गरीब मुली आखाती पैशाला कशा विकल्या जातात हे दाखवले. तो या तिघांत सर्वांत खरा. १९८३ च्या 'कुली'त नायकाचे नाव इक्बाल होते आणि त्याच्या बिल्ल्यावर ७८६ होते. तेव्हा देशातला सर्वांत मोठा नट मुसलमान हमाल झाला आणि तिकिटबारीवर त्याला अडचण आली नाही. त्यानंतर मात्र ओहोटी लागली. २३ एप्रिल १९८५ रोजी शाहबानोचा निकाल लागला, १ फेब्रुवारी १९८६ रोजी अयोध्येचे कुलूप उघडले आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुस्लिम महिलांविषयीचा कायदा संमत झाला. 'निकाह' मध्ये तलाकच्या प्रश्नावर प्रेक्षक रडला होता. तीन वर्षांत तोच प्रश्न मोर्चांचा आणि घोषणांचा झाला. ज्या विषयावर रस्त्यात डोकी फुटू शकतात त्यावर हवेलीतली प्रेमकथा रचायला निर्माता धजावणार नाही, हे उघड आहे.

आपल्या घरांत त्या वेळी काय चालले होते? रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांत आखातातून येणाऱ्या पेट्यांमध्ये टू-इन-वन होता आणि पाठोपाठ व्हीसीआर आला. त्यावर पाकिस्तानी नाटके लागू लागली : हसीना मोईन यांची 'तनहाइयां', 'धूप किनारे'. मोहल्ल्यातल्या बायका ती पुन्हा पुन्हा पाहत. याचा अर्थ पुढे काहींनी भलताच लावला. मला तो साधा वाटतो. त्या मालिकांत नोकरी करणाऱ्या, फटकळ बोलणाऱ्या मुली होत्या आणि कोणी त्यांना 'मुसलमान मुलगी' म्हणून दाखवत नव्हते. ती मोकळीक दूरदर्शनवरून कमी होऊ लागली तशी कॅसेटवर शोधली गेली.

आता मुख्य वळण. 'रामायण' मुळात ५२ भागांचे ठरले होते, ते ७८ वर गेले आणि ३१ जुलै १९८८ ला संपले. लगेच २ ऑक्टोबरला 'महाभारत' सुरू झाले, ते जून १९९० पर्यंत. म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षे रविवारची सकाळ दरबाराची झाली. अरविंद राजगोपाल यांनी २००१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात 'रामायण' मालिका आणि अयोध्येचे आंदोलन यांचा संबंध बारकाईने उलगडला आहे. मांडणी महत्त्वाची आहे, पण तिचा जो ढोबळ सारांश आपल्याकडे भाषणांतून फिरतो तो मला मान्य नाही. मालिका पाहणारा प्रत्येक जण कारसेवक झाला नाही. मुसलमान घरांतही ती पाहिली गेली. पंजाबात वाल्मिकी समाजाच्या सफाई कामगारांनी तर उत्तर रामायणही दाखवा म्हणून संप केला आणि सरकारला ते मान्य करावे लागले. ही कथा आमचीही आहे, आमच्या वाल्मिकीची आहे, हे त्यांचे म्हणणे होते. एकाच मालिकेतून कोणी सत्ता घेतली, कोणी मान मागितला. १९९१ च्या निवडणुकीत पडद्यावरची सीता आणि रावण दोघेही एकाच पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत पोहोचले, हेही नमूद केले पाहिजे.

माझा आक्षेप कथेवर नाही, बोलण्याच्या रीतीवर आहे. 'हम लोग' आणि 'नुक्कड' प्रेक्षकाशी गप्पा मारीत. 'रामायण' त्याला समोर बसवून ऐकवू लागले. संवादाची जागा प्रवचनाने घेतली. शब्द जड झाले, कॅमेरा चेहऱ्यांवर रेंगाळू लागला, दर वाक्यानंतर वीज चमकू लागली. आणि यातली गंमत अशी की हे करणारे रामानंद सागर उर्दूचे लेखक. फाळणीच्या वणव्यावर 'और इन्सान मर गया' ही कादंबरी त्यांनी १९४८ मध्ये उर्दूतच लिहिली होती. ज्या भाषेत माणुसकीच्या मरणाचा शोक केला ती भाषा त्यांनी पडद्यावर चाळून चाळून वगळली. विषयाची गरज म्हणून हे समजू शकते, तरी चुटपुट लागते.

'महाभारता'ची बाब वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची. त्याचे संवाद राही मासूम रझा यांचे. गाजीपूरचे, 'आधा गाँव'चे लेखक. चार-दोन लोकांनी मुसलमानाने महाभारत का लिहावे म्हणून ओरड केली, ती टिकली नाही. रझांचे संवाद सागरांपेक्षा सरस आहेत, हे मत मी आपला माणूस म्हणून देत नाही. काळालाच निवेदक करण्याची युक्ती पाहा. देवाच्या तोंडून कथा सांगितली असती तर ती निवाडा ठरली असती. काळ सांगतो तेव्हा ती सर्वांच्या पराभवाची गोष्ट होते. 'पिताश्री', 'माताश्री', 'भ्राताश्री' ही संबोधने त्यांनी घरातल्या अब्बाजान-अम्मीजानच्या वळणावर घडवली, असे सांगतात. ती आज साऱ्या देशात थट्टेतही वापरली जातात आणि त्यांच्यामागची उर्दू लय कोणाच्या कानाला खटकत नाही. पण रझांनीही दरबार उभा केला, नाका नव्हे. मार्च १९९२ मध्ये ते मुंबईत वारले. त्यानंतर नऊ महिन्यांनी त्याच शहरात जे घडले ते पाहायला ते नव्हते.

याच काळात गोविंद निहलानींचे 'तमस' जानेवारी १९८८ मध्ये आले. भीष्म साहनींची कादंबरी, मशिदीच्या पायरीवर टाकलेले डुक्कर आणि त्यातून पेटलेले शहर. प्रक्षेपण थांबवावे म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि परवानगी दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली आणि त्यासाठी नागपूर उच्च न्यायालयातील न्या. विव्हियन बोस यांच्या जुन्या निकालाचा आधार घेतला : कलाकृतीचा परिणाम जोखायचा तो सुजाण, खंबीर माणसाच्या कसोटीवर, जिथे तिथे धोका पाहणाऱ्या भित्र्या मनाच्या नव्हे. उलट १९९० मध्ये संजय खान यांची टिपू सुलतानावरील मालिका आली तेव्हा ती काल्पनिक कादंबरीवर आधारित आहे, अशी सूचना दाखवणे भाग पडले. ऐतिहासिक पुरुषाला पाटी लावावी लागली, पौराणिक पुरुषांना लागली नाही. यावर अधिक भाष्याची गरज नाही.

टिपूबरोबर गुलजारांच्या 'मिर्झा गालिब'चाही विचार करायला हवा. १९८८ ची ही मालिका, नसीरुद्दीन शाह यांचा गालिब, जगजित-चित्रा यांचे गायन. उत्तम होती, यात वाद नाही. तिने कित्येक मराठी घरांत गालिबचे नाव पोहोचवले. पण दशकाचे दोन अर्ध शेजारी ठेवून पाहा. आधी मुसलमान चहा विकत होता, आता तो एक तर शायर आहे किंवा सुलतान. त्याची वर्तमानकाळातून भूतकाळात बदली झाली. आदर वाढला, शेजार गेला. 'वागले की दुनिया' त्याच सुमारास आली. चांगली मालिका, सामान्य माणूस तिथे शिल्लक होता, पण तो नाक्यावरून फ्लॅटमध्ये गेला होता.

आणि मराठी पडदा? मुंबई केंद्र १९७२ पासूनचे. 'गजरा', 'चिमणराव' ही त्याची कमाई. राष्ट्रीय कार्यक्रमाने रात्रीची मोक्याची वेळ घेतली तशी मराठीची जागा आकसली. जी उरली तीत सोलापूर-सांगलीकडचा, घरात दखनी आणि बाजारात अस्सल मराठी बोलणारा मुसलमान मला तरी दिसला नाही. मराठी सिनेमा १९८४-८५ पासून विनोदाच्या लाटेवर स्वार झाला, त्यात आपण असलो तर मोडके हिंदी बोलण्यापुरते. अमर शेखांच्या आवाजावर महाराष्ट्र डोलला होता, हे लक्षात घेतले की ही उणीव अधिकच बोचते. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे अनेक कारणे होती. पडद्यावर स्वतःची बोली कुठेही न ऐकू येणे हे त्यातले एक असावे, असे मला वाटते.

सईद मिर्झा यांनी 'नुक्कड'नंतर १९८९ मध्ये 'सलीम लंगडे पे मत रो' केला, तो दूरदर्शनसाठी नव्हे, सिनेमासाठी. मोहल्ला तोच, बोली तीच, बेकारी वाढलेली, गल्लीत दंगलीची भाषा शिरलेली. सलीम झाला तो पवन मल्होत्रा, 'नुक्कड'मधला हरी. तीन वर्षांपूर्वी हा नट कादरभाईच्या हॉटेलासमोर सायकलींचे पंक्चर काढत होता. या चित्रपटात तो सुधारायचे ठरवतो आणि मारला जातो.