दहा टक्के चोरी माफ

यूजीसीनं २०१८ साली वाङ्मयचौर्याचे नियम काढले. लेखातला मजकूर दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत जुळला तर शिक्षा नाही. ६० च्या वर गेला तर लेख मागं घ्यायचा, प्राध्यापकाच्या दोन वेतनवाढी बंद. किती जुळतंय ते संगणक मोजतो.

गोची इथंच आहे, मित्रांनो. संगणक छापलेलं छापलेल्याशी ताडून बघतो. जे कधी छापलंच न्हाई, त्याचं काय?

आमच्या कुरुंदवाडच्या वस्तीत एक प्राध्यापक आले. चहा पिऊन आईकडनं बाबासाहेबांवरच्या ओव्या उतरवून घेतल्या. पुढं त्या एका शोधपत्रिकेत आल्या. वर प्राध्यापकांचं नाव, आत आई म्हणजे ‘एक निरक्षर महिला’. संगणकाला यात चोरी कुठनं दिसणार? लेख अस्सल ठरला. (पाळीवरनं येऊन मी तो दोनदा वाचला. ओव्या सोडल्या तर त्यात कायबी न्हाई.)

नाव देता येत नाही असं थोडंच आहे? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या गटानं जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, त्या गाणारणींच्या नावानिशी आहेत.

प्राध्यापकांना मी पत्र टाकलंय. पुढच्या अंकात आईचं नाव छापा म्हणून. उत्तर आलं तर इथंच छापू.