कृत्रिम खुबा आणि मांडीच्या हाडावरील भार

कृत्रिम खुब्याचा धातूचा दांडा मांडीच्या हाडाहून अनेक पटींनी ताठर असतो. भाराचा मोठा वाटा तोच पेलतो. परिणामी हाडाच्या वरच्या भागातील विकृती, म्हणजे भाराखाली होणारा सूक्ष्म आकारबदल, घटते व तेथील हाड विरळ होते. कोबाल्ट-क्रोमियमच्या सुमारे निम्म्या ताठरपणाच्या टायटॅनियमने हा दोष कमी होतो, हे मान्य. परंतु अशा गणितांस वारंवार आधारभूत धरलेली बर्लिनची २००१ सालची मोजमापे केवळ चार रुग्णांच्या चालणे, जिना चढणे, खुर्चीवर बसणे आदी हालचालींची आहेत. त्यांतही जिना चढताना दांड्यास बसणारा पीळ चालण्याहून २३ टक्के अधिक आढळला. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात डोंगरवाटा चढणाऱ्या, भातलावणीस वाकणाऱ्या शेतकऱ्याचा भार त्यांवरून गृहीत धरणे सयुक्तिक नव्हे. तो स्वतंत्रपणेच मोजला पाहिजे.