चेहऱ्याच्या चेता आणि मराठी परिभाषा

कोणत्याही शास्त्राची परिभाषा दोन कसोट्यांवर घासून पाहावी लागते. ती शास्त्राच्या अंतर्गत व्यवस्थेशी सुसंगत आहे काय, ही पहिली कसोटी. जेथे भेद करणे अवश्य आहे तेथे ती भेद करू देते काय, ही दुसरी. मराठी परिभाषेची चर्चा बहुधा पहिलीपाशीच थांबते. शब्द संस्कृतोद्भव असावा की रूढ असावा, सोपा असावा की नेमका असावा, या वादात दुसरी कसोटी मागे पडते. चेहऱ्याच्या चेतांचा विषय घेतला म्हणजे या उपेक्षेची किंमत स्पष्ट दिसते, कारण येथे शब्दाची चूक दातावर बेतू शकते.

मेंदूपासून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्यांची आज मान्य असलेली गणना सोमरिंग याने १७७८ मध्ये केली. दंतवैद्यकास त्यांतील दोन जोड्यांशी नित्य काम पडते. पाचवी जोडी चेहऱ्याची आणि दातांची संवेदना वाहते आणि चर्वणाचे स्नायू चालविते. तिच्या तीन शाखा होत : पहिली डोळा व कपाळ यांची, दुसरी वरच्या जबड्याची, तिसरी खालच्या जबड्याची. सातवी जोडी चेहऱ्यावरील हावभावांचे स्नायू हालविते आणि जिभेच्या पुढील दोनतृतीयांश भागाची चव वाहते. दात दुखतो तो पाचवीमुळे. तोंड वाकडे होते ते सातवीमुळे. हा भेद ज्या संज्ञांतून निसटतो त्या संज्ञा सदोष म्हटल्या पाहिजेत.

प्राचीन परंपरेचा आधार येथे अपुरा पडतो. सुश्रुताच्या शारीरस्थानात ७०० सिरा, २४ धमन्या आणि ९०० स्नायू सांगितले आहेत. अर्दित या नावाने चेहऱ्याच्या पक्षाघाताचे वर्णनही सुश्रुतसंहितेत आहे. परंतु चेता हा स्वतंत्र अवयव म्हणून तेथे वेगळा काढलेला नाही. अर्वाचीन मराठीने सिरेला अशुद्ध रक्ताची वाहिनी केले, धमनीला शुद्ध रक्ताची आणि स्नायूला मांसपेशी. सुश्रुताचा स्नायू हा बांधणारा तंतू होता, हे विस्मृतीत गेले. जुने शब्द असे वाटले गेल्यावर चेतेच्या वाट्यास एकही उरला नाही.

ही उणीव तीन शब्दांनी भरली गेली. ‘मज्जातंतू’ हा जुना व रूढ शब्द; परंतु मज्जा म्हणजे हाडातील मगजही, त्यामुळे त्यात संदिग्धता आली. ‘तंत्रिका’ हा मराठी विश्वकोशाने स्वीकारलेला आणि हिंदीशी जुळणारा शब्द. ‘चेता’ हा शालेय पाठ्यपुस्तकांतला. तिहींत ‘चेता’ हा आटोपशीर असून चेतना या परिचित शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. मात्र १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे काम हाती घेतल्यानंतरही या तीन शब्दांत एकवाक्यता झालेली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

याहून गंभीर दोष विशिष्ट चेतांच्या नावांत आहे. पाचव्या जोडीस ‘त्रिमूल’ म्हटल्यास मुळे तीन आहेत असा बोध होतो. वस्तुतः तिची मुळे दोन, एक संवेदनेचे व एक हालचालीचे; तीन आहेत त्या शाखा. म्हणून ‘त्रिशाख’ हे नाव अधिक यथार्थ. सातव्या जोडीस ‘मुखचेता’ म्हणणे तर अधिकच धोक्याचे. संस्कृतात आणि मराठीतही मुख म्हणजे चेहरा आणि तोंड दोन्ही. विद्यार्थी हा शब्द वाचून ती तोंडाची चेता समजेल आणि दातदुखीचा संबंध तिच्याशी जोडील. ही भीती काल्पनिक नाही. चेहऱ्यावरील तीव्र वेदनेसाठी एके काळी युरोपातील शल्यविशारदांनी सातवी चेता कापली. वेदना राहिली आणि चेहरा मात्र लुळा पडला. १८२१ पासूनच्या काही वर्षांत चार्ल्स बेल, माझांदी आणि मेयो यांच्या प्रयोगांनी दोन्ही चेतांची कामे वेगळी झाली. शास्त्राने जो घोटाळा तेव्हा निस्तरला, तो परिभाषेने पुन्हा मांडू नये. सातवीस ‘आननचेता’ म्हणणे हाच मार्ग इष्ट.

परभणी जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिले. उर्दूत चेतेला ‘असब’ हा स्वतंत्र शब्द आहे. तो गोदाकाठच्या गावांत रुजला नाही. तेथे ‘नस’ आणि ‘शीर’ हेच राहिले, आणि दोन्ही शब्द रक्तवाहिनीलाही लागतात व चेतेलाही. आज परभणीत दंतमहाविद्यालय आहे. तेथील ग्रंथ इंग्रजी आणि रुग्ण मराठी. याच शहरात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि त्याने शेतकऱ्यांसाठी मराठीतून विस्तारसाहित्य काढले आहे. पिकावरील रोगाबद्दल मराठीत जे नेमकेपणाने सांगता येते, ते जबड्याबद्दल सांगता येऊ नये, याचे कारण भाषेच्या दुबळेपणात नाही.

‘वरची दाढ काढली की नजर जाते’ हा समज याच संदिग्धतेवर पोसला आहे. वरच्या दातांची संवेदना पाचवीची दुसरी शाखा वाहते. दृष्टी ही दुसऱ्या जोडीचे, म्हणजे दृक्‌चेतेचे काम आहे. पाचवीच्या पहिल्या शाखेस ‘नेत्रशाखा’ म्हणतात, परंतु ती डोळ्याला स्पर्श कळविते, दृश्य नव्हे. ‘डोळ्याची नस’ या एकाच शब्दात दोन्ही कोंबल्या गेल्या की भय दूर करण्याचे साधनच उरत नाही, आणि किडलेली दाढ पू होईपर्यंत तोंडात राहते.

तथापि लोकभाषेस केवळ दोष देणे एकांगी होईल. नामांत ती दरिद्री असली तरी क्रियांत व वेदनावाचक शब्दांत श्रीमंत आहे. आंबट खाल्ल्याने दात ‘आंबतात’, थंड पाण्याने ‘शिवशिवतात’, पू झाल्यास ‘ठणकतात’. चेतेच्या विकारात ‘कळ’ येते, इजा झाल्यास ‘मुंग्या’ येतात. यांतील प्रत्येक शब्द निदानाकडे बोट दाखवितो. विशेषतः ठणका आणि कळ यांतला भेद मोलाचा आहे. त्रिशाख चेतेच्या शूलात विजेसारखी कळ काही क्षणांपासून सुमारे दोन मिनिटांपर्यंत टिकते. तोंड धुणे, घास चावणे, वाऱ्याची झुळूक एवढ्यानेही ती उठते. दात निर्दोष असतो. ती दातदुखी समजून एकामागून एक चांगले दात काढले जाण्याचे प्रकार वैद्यकास सुपरिचित आहेत. १९६२ पासून या विकारावर कार्बामाझेपिन हे औषध वापरात आहे. परंतु त्याआधी कोणी तरी रुग्णाला विचारले पाहिजे, ‘ठणकते की कळ येते?’ परिभाषाकारांनी नामे घडविली, हे शब्द मात्र टिपले नाहीत. ही त्यांची मोठी उणीव होय.

संमतीच्या प्रसंगी हीच उणीव नैतिक प्रश्न बनते. खालची अक्कलदाढ काढताना दोन चेता जवळ असतात : जबड्याच्या हाडातून जाणारी, जी खालच्या ओठास व हनुवटीस संवेदना देते, आणि जिभेलगतची, जिच्या इजेने जिभेची संवेदना व चव जाऊ शकते. ‘नसेला धक्का लागू शकतो’ असे सांगितल्यास रुग्ण रक्तस्राव समजतो. ‘ओठ बधिर राहील, पण वाकडा होणार नाही’ असे सांगितल्यास तो खरा धोका समजतो. पहिल्या वाक्याखाली घेतलेली सही ही संमती नव्हे.

सारांश, ग्रंथात ‘चेता’ हा एकच शब्द स्थिर करावा, ‘शीर’ रक्तवाहिनीसाठी राखावा, आणि रुग्णाशी बोलताना ‘स्पर्शाची नस’ व ‘हालचालीची नस’ असा विशेषणयुक्त प्रयोग करावा. रूढ शब्द टाकून देण्यापेक्षा त्याला विशेषण जोडणे अधिक फलदायी ठरेल. परिभाषेची अंतिम परीक्षा कोशात होत नाही. दाढ धरून बसलेल्या माणसास आपले दुखणे नेमके सांगता येते की नाही, तेथे ती होते.