ग्रेस : न कमावलेले नाव

आमच्या नशिराबादेत ‘ग्रेस’ हा शब्द बहुतेकांना प्रथम भेटतो तो परीक्षेच्या निकालात. दोन-चार गुणांनी अडलेला मुलगा ‘ग्रेस’ मिळून वर गेला, असे आपण सहज बोलतो. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलीसाठी निवडलेल्या एका नावाचा नेमका अर्थच आपण त्यातून सांगत असतो. जे कमावले नाही, तरीही दिले गेले, ते ग्रेस.

या नावाचे मूळ लॅटिन ‘ग्रातिया’, म्हणजे कृपा. इंग्लंडात फेथ, होप या नावांप्रमाणे तेही प्युरिटन कुटुंबांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत रूढ केले. कल्पना मात्र कितीतरी जुनी. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मरियेला ज्या ग्रीक शब्दाने संबोधतो, त्याच्या मुळाशी ‘खारिस’, म्हणजे कृपाच आहे. हिब्रू ‘हन्ना’ आणि तिच्यापासून आलेले ‘अ‍ॅना’ यांचाही अर्थ तोच. आजी अ‍ॅना आणि नात ग्रेस असेल, तर त्या घरात एकच नाव दोनदा ठेवले गेले आहे.

मराठी साहित्यात हे स्त्रीनाम गाजले ते एका पुरुषामुळे. नागपूरचे कवी माणिक गोडघाटे (१९३७–२०१२) यांनी ते टोपणनाव म्हणून घेतले. ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ (१९५८) या चित्रपटात इन्ग्रिड बर्गमनने रंगवलेली नायिका कृपेत आहे, अशा अर्थाचा उद्गार येतो. तोच कवीच्या मनात रुजला. पुरुषाने स्त्रीनाम घ्यावे यात आम्हांस काही विपरीत वाटत नाही. ज्ञानदेवांनी विरहिणी लिहिल्या, तेव्हा त्यांनी स्त्रीचाच स्वर धारण केला होता.

प्रश्न वेगळाच आहे. ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) पासून या कवीने दुःखाला अपूर्व नादमाधुर्य दिले. ‘चर्चबेल’ (१९७४) या ललितलेखसंग्रहाने तर आपल्या देवळाची घंटाच शीर्षकात आणली. परंतु कृपा घेणाऱ्याला मोकळे करते. येथे दुःखच इतके प्रिय होते, की सुटकेची इच्छा मागे पडते. त्यांच्या शब्दकळेवर दुर्बोधतेचा आरोप झाला, तो आम्ही करणार नाही. नावातले सौंदर्य या कवितेने पुरेपूर घेतले, दान मात्र अर्धेच घेतले, एवढेच आमचे म्हणणे.

ते दान पुरते दिसते, ते त्या चित्रपटाला आधार झालेल्या स्त्रीच्या आयुष्यात. ग्लॅडिस आयलवर्ड ही लंडनमधील घरकाम करणारी तरुणी. चिनी भाषा जमणार नाही म्हणून मिशनच्या प्रशिक्षणातून तिला नाकारले गेले. ती स्वतःच्या बचतीवर चीनला गेली, आणि १९४० मध्ये युद्धाच्या धामधुमीत तिने सुमारे शंभर मुले डोंगर ओलांडून सुरक्षित स्थळी नेली. परीक्षेत नापास झालेली ही बाई, आणि तिच्या कथेतून एका मराठी कवीला नाव मिळाले!

म्हणून मुलीचे नाव ग्रेस ठेवताना ते केवळ कानाला गोड आहे, एवढ्यावर थांबू नये. ती पहिली आली तरच आपली, असे त्या घरात कधीही म्हणता येणार नाही. नावाचा करारच तसा आहे.