बालदृष्टि आणि रानाचें चित्र

कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या नगरच्या घरीं त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवि, कांहीं काळ मुलासारखे राहिले. फुलें आणि मुलें दोघांनाही प्रिय. पण दोघांनीं रेखाटलेलें रान मात्र एक नाहीं.

टिळकांच्या ‘वनवासी फूल’ या संवादरूप दीर्घकाव्यांत फूल बोलतें. पण तें बोलूं लागलें कीं सुगंध मागें पडतो व तत्त्वज्ञान पुढें येतें. फूल गुरु होतें आणि वाचक शिष्य. ‘केवढें हें क्रौर्य!’ या कवितेंत तसें होत नाहीं. तेथें मरणोन्मुख पक्षिणीची पिलांसाठीं चाललेली तळमळच सारें सांगते.

बालकवींचा ‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींचा. मूल पाटीवर काढील त्याच क्रमानें येथें झरा येतो, मग गांव, मग शेतें, मग पाऊलवाट. शेवटीं झाडालाही पाय फुटतात! उपदेशाचा शब्द नाहीं. मात्र ती वाट ज्या डोहाकडे जाते, त्याचें पाणी काळें आहे. हा काळा रंग कवीनें पुसला नाहीं, यांतच त्याची खरी बालदृष्टि आम्हांस दिसते; कारण मुलाच्या रानांत भयालाही जागा असते.

मुलांसाठीं निसर्ग वर्णितांना बोबडे बोल योजून गोडवा आणणाऱ्यांनीं ह्या आठ ओळी पुन्हां वाचाव्यात.