धवलगिरी आणि कचारगड

मराठी प्रवासवाङ्मयात हिमालयाइतका मान दुसऱ्या कोणत्याही पर्वतास मिळालेला नाही. सह्याद्रीशी आमचे वागणे घरातील वडीलधाऱ्या माणसाशी असावे तसे आहे. त्यात आदर असतो, पण सवयही असते. हिमालयाकडे लेखक निघाला की त्याची लेखणी घर सोडण्यापूर्वीच हात जोडते. या भक्तिभावाबद्दल कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती इतकीच की, या भावाचा आता एक साचा बनला असून त्या साच्यात बसेल तेवढाच हिमालय आम्हास दिसतो.

हा साचा कसा आहे ते पाहावयाचे असल्यास पदभ्रमणाच्या सहली काढणाऱ्या मंडळांची एखादी कार्यक्रमपत्रिका चाळावी. तीत इतके दिवस चढउताराचे, इतके मुक्कामाचे, आणि शेवटचा एखादा दिवस ‘सांस्कृतिक स्थलदर्शना’चा, अशी वाटणी असते. पत्रिका लिहिणाराचा यात काही दोष नाही. त्यास दिवस मोजावयाचे असतात. परंतु पुस्तक लिहिणाराही जेव्हा हीच वाटणी स्वीकारतो, तेव्हा तीत दडलेले गृहीतकृत्य त्याच्या वाङ्मयात उतरते. ते असे की, डोंगरावर निसर्ग असतो आणि संस्कृती खाली, शहरातल्या देवळांत व बाजारपेठांत असते. चढावरच्या गावांत जी माणसे भेटतात ती मग संस्कृतीत धरली जात नाहीत व निसर्गातही नीट मावत नाहीत. त्यांच्या वाट्यास दोनच विशेषणे येतात, भोळी आणि अस्वच्छ.

हे कोठून आले? आमच्या मते त्याचे एक मूळ कालिदासात आहे. मात्र दोष कालिदासाचा नसून त्याच्या वाचकांचा आहे. ‘कुमारसंभवा’च्या आरंभी हिमालयाचे जे वर्णन आहे, ते आमच्या सुशिक्षित प्रवाशाने विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केलेले असते. त्या वर्णनात किरात आहेत, वनचर आहेत, त्यांच्या गुहांत रात्री तेलावाचून उजळणाऱ्या औषधी आहेत. तेथील एक कल्पना विशेष प्रसिद्ध आहे: दिवसास भिऊन गुहांत दडलेल्या अंधारालाही हा पर्वत आश्रय देतो, कारण थोरांचे ममत्व शरण आलेल्या क्षुद्रावरही असते. कल्पना रमणीय खरी; परंतु ती बाहेर उभे राहून गुहेकडे पाहणाराची आहे. गुहेत कोण आहे, तो आपण होऊन आत गेला की त्यास कोणी कोंडला, हा प्रश्न तीत उद्भवतच नाही.

हा प्रश्न ज्या काव्यात उद्भवला आहे, ते काव्य आमच्याच प्रांताच्या पूर्व टोकाशी निगडित आहे. स्टीफन हिस्लॉप या नागपुरातील स्कॉटिश मिशनऱ्याने गोंडांमध्ये गाइले जाणारे लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले होते. १८६३ साली तो पाण्यात बुडून वारला. त्याचे कागद मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून छापले, आणि त्यात हे गीत प्रसिद्ध झाले. मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनी तेव्हापासून त्याचा पुष्कळ उपयोग केला. साहित्य म्हणून, विशेषतः हिमालयाविषयीचे साहित्य म्हणून, त्याचा विचार आमच्या समीक्षेने करावयास हवा.

गीताचे कथानक थोडक्यात येणेप्रमाणे आहे. गोंड धवलगिरीवर राहू लागले. त्यांचे आचार महादेवास रुचेनात. ते स्नान करीत नाहीत, भलतेसलते खातात, आणि त्यांच्या वासाने आपला सारा पर्वत भरून गेला आहे, असे त्यास वाटले. त्याने एक खार निर्माण केली. गोंड तिच्या पाठीस लागून गुहेत शिरले. महादेवाने गुहेच्या तोंडास प्रचंड शिळा लावली व भस्मासुरास पहाऱ्यास बसविले. चौघे तेवढे निसटले, आणि काचीकोपा लोहागड येथे येऊन राहिले. काही महिन्यांनी पार्वतीच्या ध्यानात आले की आपले गोंड दिसत नाहीत, आणि पर्वतावर येणारा तो परिचित वासही येत नाही. ती तपास बसली. पुढे लिंगो जन्मास आला. त्याने चौघा बंधूंस गाठले, नाना संकटे सोसली, आणि बिंदो पक्ष्याची पिले महादेवास आणून देण्याची अट पुरी करून कोंडलेल्या गोंडांची सुटका केली.

वासाची ही गोष्ट किती साधी आणि किती खोल आहे! एकच वास महादेवास असह्य होतो आणि तोच नाहीसा झाल्याने पार्वती व्याकूळ होते. धर्म, आचार, शुद्धाशुद्ध यांवर एक अक्षरही न लिहिता अनामिक गायकाने सारा वाद नाकावर आणून सोडविला आहे. हिमालयाच्या आमच्या पुस्तकांत वासाचे उल्लेख थोडे नसतात. धुराने भरलेले घर, लोणी घातलेला चहा, लोकरीचे न धुतलेले कपडे यांची नोंद लेखक इमानाने करतो, आणि ती करताना महादेवाच्या जागी उभा असतो. पार्वतीच्या जागी उभे राहून, हा वास उद्या येथे नसला तर काय नाहीसे झाले असेल, असा विचार करणारा लेखक विरळा.

पार्वतीच्या तपाचेही असेच. ‘कुमारसंभवा’त ती तप करते ते शंकर मिळावा म्हणून, गोंडी गीतात ती तप करते ते शंकराने कोंडलेली माणसे परत मिळावीत म्हणून. पहिले तप प्रेमाचे आहे, आणि त्याची थोरवी आम्ही शतकानुशतके गात आलो आहो. दुसरे तप न्यायाचे आहे. दोन्ही तपे एकाच हिमालयावर, एकाच देवीने केली आहेत. मग एकीचे वर्णन पाठ्यपुस्तकात आणि दुसरीचे जातिजमातींच्या नोंदवहीत, ही वाटणी कोणत्या वाङ्मयीन कसोटीवर टिकेल?

या ठिकाणी काका कालेलकरांच्या हिमालयप्रवासाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. साताऱ्यास जन्मलेल्या या मराठी लेखकाने १९१२ साली स्वामी आनंदांसमवेत हा प्रवास केला आणि पुढे तो गुजरातीत लिहिला. मराठी वाचकांनीही त्यास आपलाच मानले. त्या लेखनात चालणे व दर्शन अशी फाळणी नाही, हा त्याचा मोठा गुण होय. वाटेतला मुक्काम, सोबती, थकवा, देवालय ही सर्व एकाच साधनेची अंगे आहेत. म्हणूनच ते पुस्तक साच्याचे वाटत नाही. तरीही त्याची दृष्टी तीर्थयात्रिकाची आहे, आणि तीर्थयात्रिकास पर्वत पावन आहे हे पहिल्या पावलापूर्वीच ठाऊक असते. त्याच पर्वताने कोणास तरी कोंडले, अशी कथा असू शकते, ही शंका त्या दृष्टीच्या परिघात येत नाही. हा कालेलकरांचा उणेपणा नव्हे. तीर्थयात्रा या प्रकाराचीच ती मर्यादा आहे, आणि ती ओलांडण्यास दुसरा प्रकार हवा.

तो दुसरा प्रकार जिवंत पाहावयाचा असेल तर गोंदिया जिल्ह्यात जावे. हावडा–मुंबई लोहमार्गावर गोंदियाच्या पूर्वेस दरेकसा नावाचे लहानसे स्थानक आहे. सालेकसा तालुक्यातील धनेगावाजवळ डोंगरात कचारगडची विशाल गुहा आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास अनेक राज्यांतील गोंड व इतर आदिवासी मंडळी येथे येतात. यात्रा काही दिवस चालते, आणि गेल्या चार दशकांत तिचे स्वरूप फार मोठे झाले आहे. ‘जय सेवा’ असे परस्परांस अभिवादन करीत लोक अरण्यातून चालत जातात व डोंगर चढून गुहेपाशी पोहोचतात. येथील श्रद्धा अशी की, माता कली कंकालीची ३३ मुले ज्या गुहेत शिळा लावून कोंडली होती ती हीच. जंगो रायताडने मुलांची काळजी वाहिली, पारी कुपार लिंगोने मार्ग दाखविला, आणि हिरासुका पाटालीर याच्या वाद्याने मुलांच्या अंगी असे बळ आले की त्यांनी आतून शिळा ढकलली. तो वादक त्याच शिळेखाली सापडून मेला.

हिस्लॉपच्या गीतातील गुहा हिमालयात, आणि यात्रेकरूंची गुहा दरेकशाजवळ. तेव्हा दोहोंपैकी खरी कोणती, असा प्रश्न पंडितांस सुचेल. आमच्या मते हा प्रश्न वाङ्मयाचा नव्हे. वाङ्मयाचा प्रश्न असा की, गुहा स्थलांतर करते तेव्हा कथेचे काय होते. दूरच्या धवलगिरीवर बंदी असलेल्यांची सुटका बाहेरून, अट पुरी केल्यावर, देवाच्या अनुज्ञेने होते. घराजवळच्या कचारगडात ती आतून, संगीताच्या बळाने होते, आणि तिची किंमत एका वादकास प्राण देऊन चुकवावी लागते. पर्वत जवळ आला तसे माणसाचे कर्तृत्व वाढले. कथेला इतके मोठे वळण मिळालेले असताना कोणता पाठ जुना एवढ्यावरच थांबणे हे रसिकतेचे लक्षण नाही.

आक्षेप दोन संभवतात. पहिला असा की, ही पुराणकथा आहे, प्रवासवर्णन नव्हे. परंतु गीतात प्रवास आहेच: धवलगिरीपासून काचीकोपा लोहागडापर्यंत, पिलांच्या शोधात समुद्रतीरापर्यंत, आणि सुटकेनंतर पुराच्या नदीपलीकडे. त्या नदीत मगर दगा देते व कासवी तारते. वाटेत कोण विश्वासू निघाले, कोण नाही, याची इतकी चोख नोंद प्रवासवर्णनांतही नेहमी सापडत नाही. दुसरा आक्षेप असा की, हिस्लॉपच्या पाठावर हिंदू पुराणांचा संस्कार झालेला आहे. तो झालेला आहे, हे उघड आहे. पण महादेव व पार्वती उसने घेऊन त्यांस असे प्रश्न विचारणे, ही उसनवारी दुबळ्या कवीची नव्हे.

एक तक्रार मात्र उलट दिशेनेही नोंदविली पाहिजे. कचारगडच्या कथेची जी अलीकडील कथने होतात, त्यांत स्वाभिमानाचे तेज आहे, आणि ते न्याय्य आहे. परंतु त्यांतून तो वास गेला आहे, ती खार गेली आहे, बिंदो पक्षीही पुष्कळदा गेला आहे. ज्या समाजास शतकानुशतके ‘अस्वच्छ’ म्हणून हिणविले गेले, त्यास हा उल्लेख नकोसा वाटावा हे आम्ही समजू शकतो. तथापि मूळ गीतात त्या वासाची लाज गोंडांस नाही. लाज वाटावी ती कोंडणाऱ्यास. आईला जो वास हवासा वाटतो तो गाळणे म्हणजे महादेवाचे म्हणणे नकळत मान्य करणे होय. म्हणून गोंडी मूळ आणि मराठी अर्थ समोरासमोर छापलेला, विस्तृत टीपांचा पाठ आमच्या महाविद्यालयांत शिकविला जावा, असे आम्हास आग्रहाने सांगावेसे वाटते.

हिमालयाची पुस्तके पुढेही निघतील, आणि निघावीत. त्यांचे परीक्षण करताना बर्फाची उपमा किती नवी आहे हे पाहण्यापूर्वी एक साधी गोष्ट पाहावी: लेखक शिळेच्या कोणत्या बाजूस उभा आहे हे त्याचे त्यास ठाऊक आहे काय? ज्यास ते ठाऊक आहे, त्यास पत्रिकेतील शेवटच्या दिवसाची वाट पाहावी लागणार नाही. पहिल्याच चढावर, धुराने भरलेल्या घरात, त्याचे दर्शन सुरू झालेले असेल.